पेपरात गुंडाळलेली बाटली

बाबा, उद्या आईचं लग्न आहे. सकाळी रजिस्टर ऑफिसमध्ये. साक्षीदार म्हणून मी सही करायची आहे. तुम्ही गेलात तेव्हा मी नववीत होते, त्यामुळे मोठी झाल्यावर तुमच्याशी कसं बोलायचं असतं ते मला माहीतच नाही. शाळा इंग्लिश मीडियमची, मराठी बोलण्यापुरतं. तुम्ही माझ्या मराठीच्या वहीत लाल पेनाने गोल करायचात, तसे इथे करू नका. सही करायची की नाही हे मी आज संध्याकाळपर्यंत ठरवलं नव्हतं, आणि ते ज्याच्यावर अडलं होतं ते ऐकून तुम्हीच एकटे मला वेड्यात काढणार नाही.

आईला ते पर्वतीच्या पायऱ्यांवर भेटले. मी त्यांना काका म्हणते. आईचा गुडघा धरला होता, त्यांनी स्वतःची काठी दिली, आणि मग आई रोज ती परत द्यायला न्यायची आणि ते रोज म्हणायचे, उद्या द्या. आईने हे मला हसत हसत सांगितलं. मला पहिला प्रश्न पडला तो असा, की गुडघे ठणठणीत असलेला माणूस काठी कशाला घेऊन चढतो. "कुत्र्यांसाठी," आई म्हणाली. मी म्हटलं, पर्वतीवरची कुत्री तर झोपलेली असतात. आईने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "सेम टु सेम." कोणासारखी ते बोलली नाही. काका पिंपरीच्या कारखान्यात इंजिनियर होते म्हणे. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. आणि तरुणपणी कंपनीने त्यांना इटलीला पाठवलं होतं, आस्ती नावाच्या गावाजवळ, तिथे काही वर्षं काढली. हे आस्ती ऐकलं आणि माझे कान उभे राहिले, कारण बाबा, त्या एरियातलं मला कळतं. निदान मी तरी सगळ्यांना तसंच सांगते.

तुमच्या दृष्टीने वाईन म्हणजे दारू आणि दारू म्हणजे दारू. पण एकदा ऐकून घ्या, कारण तुम्हाला हे आवडलं असतं. मी दोन वर्षं वीकेंडला कोरेगाव पार्कात वाईनचा कोर्स करतेय, आणि त्यात इटलीवर माझा जीव जडलाय. फ्रान्सची चार-पाच द्राक्षं जगभर लावली जातात, तशी इटलीची नाहीत. तिथे दर डोंगराला आपलं द्राक्ष आहे. पिएमाँतमध्ये, म्हणजे आस्तीच्याच प्रांतात, नेब्बिओलो, बार्बेरा, दोल्चेत्तो. खाली टस्कनीत सांजोवेझे. सिसिलीत ज्वालामुखीच्या राखेत वाढणारं वेगळंच. आणि एका खोऱ्यातलं द्राक्ष शेजारच्या खोऱ्यात नीट येत नाही, आलं तरी लोक त्याला नावं ठेवतात. कृष्णाकाठच्या वांग्याबद्दल सांगलीचे लोक बोलतात ना, तसंच. खाणंही त्याच मातीतलं. एमिलियामध्ये डुकराचं चरबीदार मांस खातात, म्हणून तिथली वाईन फसफसणारी आणि आंबटसर, तोंड धुऊन काढणारी. लिगुरियाच्या समुद्रावर तुळशीसारख्या पाल्याची चटणी लावून पास्ता खातात, तर तिथली पांढरी वाईन खारट वाऱ्यासारखी. कोणी बसून ठरवलेलं नाही हे. शेकडो वर्षं एकाच ताटात राहून जमलेलं आहे. आणि सगळ्यात भारी म्हणजे, चांगल्या बाटलीच्या गळ्याला सरकारी कागदाची पट्टी असते, नंबर टाकलेली, ती फाडल्याशिवाय बूच निघत नाही. म्हणजे बाजूच्या गावचं द्राक्ष घालून आपल्या गावचं नाव कोणी लावू नये म्हणून. कोर्समध्ये हे शिकवलं तेव्हा मी हसले, आणि बाजूच्या मुलाला वाटलं मला चढली. मला एवढंच वाटलं होतं, की या देशाचं सरकार अगदी बाबांसारखं आहे.

तर काका पहिल्यांदा घरी आले ते बाटली घेऊन. मी वाईन पिते हे आईने सांगितलेलं असणार. बाटली हातात दिली आणि म्हणाले, "हे तिकडचं."

"तिकडचं म्हणजे कुठलं?"

"इटलीचं."

"तुम्ही आस्तीला होतात ना? ही टस्कनीची आहे, काका. कियांती."

"हो का? दुकानदार म्हणाला, इटालियन आहे, घ्या."

"अगं, त्यांना बसू तरी दे," आई आतून म्हणाली.

रत्नागिरीत वर्षं काढलेला माणूस नागपूरची संत्री घेऊन येतो आणि म्हणतो, आमच्याकडची. तुम्ही असतात तर चहासुद्धा विचारला नसता. मी चहा विचारला, पण त्या दिवसापासून माझं सुरू झालं. नकाशा काढून आस्ती पाहिलं. त्यांच्या फॅक्टरीच्या गावाचं नाव आईला दोनदा विचारलं, वेगवेगळ्या आठवड्यात, दोन्ही वेळा तेच येतंय का बघायला. कर्वेनगरला त्यांचा फ्लॅट आहे, तिथे जाऊन खाली पाटीवर नाव आहे का ते पाहून आले. होतं. मग मला वाटलं, पाटी काय, कोणीही लावेल.

हे मी कुठे शिकले ते तुम्हाला माहीत आहे. एप्रिल महिना, मार्केट यार्ड, पहाट, ऊन अजून आलेलं नाही, सगळीकडे गवताचा आणि आंब्याचा वास. मी तुमचा शर्ट धरून चालतेय. प्रत्येक पेटीवर देवगड लिहिलेलं आहे, आणि तुम्ही प्रत्येक पेटीकडे बघून म्हणताय, "देवगडला एवढी जमीन तरी आहे का?" तुम्ही बँकेत ऑडिटला होतात, पण खरं ऑडिट आंब्याचं. पेटी वरून उघडली की तुम्ही म्हणायचात, खालून उघडा, वरचा थर गिऱ्हाइकासाठी असतो आणि खालचा घरच्यांसाठी. आणि मग तो प्रश्न. तुम्ही अगदी सहज विचारायचात, "झाड घराच्या पुढे आहे की मागे?" पहिला विक्रेता लगेच म्हणाला, "पुढे साहेब, अंगणातच." चला. दुसरा म्हणाला, "मागे, विहिरीला लागून." चला. तिसरा म्हातारा होता, तंबाखू मळत म्हणाला, "मला काय ठाऊक? मी कुठं पाहिलंय झाड. माल कर्नाटकातनं येतो." तुम्ही त्याच्याकडून दोन पेट्या घेतल्यात. स्कूटरवर मला पुढे उभं करून सांगितलंत, "ज्याला सगळं माहीत असतं त्याच्याकडून काही घेऊ नये. माहीत नाही म्हणणारा माणूस बघायचा." आणि घरी आल्यावर त्याच्याही पेट्या खालून उघडल्यात.

मी ठरवलं, काकांना झाड विचारायचं. माझी एक मैत्रीण मिलानहून येणार होती, तिला मी एकच बाटली आणायला सांगितली, ग्रिन्योलिनो. हे आस्तीच्या आसपासचं द्राक्ष आहे, बिया फार, लावायला कटकटीचं, म्हणून बाहेर फारसं कोणी लावत नाही. वाईन इतकी फिकी, की कोकम सरबतात पाणी जास्त झालंय असं वाटावं. पण तोंडात घेतली की जांभळं खाल्ल्यासारखी जीभ तुरट करते. दिसते एक, निघते दुसरी. आस्तीला राहिलेल्या माणसाला ती रंगावरूनच कळायला हवी. मी बाटलीला पेपर गुंडाळला, बुडापासून गळ्यापर्यंत, वर दोरा. लग्नाची तारीख नक्की झाली होती. मनात म्हटलं, खोटं सापडलं तर सही करायची नाही, आणि का ते आईला सांगायचं.

काल काका जेवायला आले तेव्हा आईने थालीपीठ केलं होतं, लोणी, लसणाची चटणी. चटणी बघून काका म्हणाले, तिकडे थंडीत टेबलाच्या मधे एक मातीचं भांडं ठेवायचे, खाली मेणबत्ती, त्यात तेल आणि लसूण, आणि सगळे जण कच्च्या भाज्या त्यात बुडवून खायचे. ते शाकाहारी, त्यामुळे मेसमध्ये त्यांचं तेवढंच जेवण असायचं. "दोन हिवाळे खाल्लं. मग एकाने सांगितलं की त्या तेलात मासे विरघळवलेले असतात."

"अगं बाई," आई म्हणाली. "मग सोडलंत?"

"नाही. आपल्याला कळलेलंच नाही असं ठरवलं."

आई इतकी हसली की तिने पदर तोंडाला लावला. मी हसले नाही. हे कोणीही यूट्यूबवर बघून सांगेल, असं माझ्या डोक्यात चाललेलं. गोष्ट जरा जास्तच चांगली होती. मी उठले, आतून ग्लास आणि ती गुंडाळलेली बाटली आणली, ओतून ग्लास त्यांच्यापुढे ठेवला.

"ही कुठली ते सांगा."

त्यांनी ग्लास उचलला, ट्यूबलाइटकडे धरला. एवढीशी प्यायले. चेहरा वाकडा केला. मी वाट बघत होते. बाबा, मी खरंच वाट बघत होते, की आता ते काहीतरी ठोकतील, बरोलोसारखं एखादं बडं नाव घेतील, नाहीतर डोळे मिटून म्हणतील, अहाहा, आमचं आस्ती.

"माहीत नाही," ते म्हणाले. "पाणी पडलंय का यात?"

"ही आस्तीची आहे. तिथे घरोघरी असते."

"असेल. मी तिथे पीतच नव्हतो. माझ्या आईला शब्द दिला होता निघताना. ती गेल्यानंतर इथे कधीतरी सुरू केलं, तेही मित्रांबरोबर." मग ग्लास खाली ठेवून माझ्याकडे पाहिलं. "तू मला तपासतेयस का गं?"

"हो," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार, पेपर आणि दोरा समोर होता.

"बरं," म्हणाले, आणि थालीपीठ घेतलं.

ते गेल्यावर मी आईला सांगितलं की काका पास झाले. तुमचा तो प्रश्न, म्हातारा, कर्नाटकचा माल, सगळं सांगितलं. मला वाटलं तिला बरं वाटेल. ती ओट्यापाशी तवा घासत होती. पाठमोरीच म्हणाली, "तुला खालच्या मजल्यावरचे आठवतात? गुहागरचे?" अंधूक आठवत होते. तुम्हाला आठवत असतील. ते एका उन्हाळ्यात घरचे आंबे घेऊन आले होते, पिशवीतून, नुसते, भेट म्हणून. आणि तुम्ही त्यांनाही विचारलंत, झाड पुढे की मागे. "ते बिचारे म्हणाले, मागे, गोठ्याच्या अंगाला, वाडवडिलांनी लावलेलं, एक फांदी विजेने गेलेली. त्यांचं स्वतःचं झाड होतं गं, त्यांना नाही माहीत असणार तर कोणाला. ते जिना उतरल्यावर तुझे बाबा म्हणाले, पाठ करून आलाय. आणि अख्खी पिशवी वॉचमनला दिली. मी एक आधीच काढून ठेवला होता डब्याच्या मागे. दुपारी एकटीने खाल्ला, मोरीत उभी राहून, वास येऊ नये म्हणून." तिने तवा उपडा घातला. "तसा आंबा मी परत खाल्ला नाही. तुझ्या बाबांच्या परीक्षेत पास होणं म्हणजे काही नाही. खरं माहीत असलेला माणूस त्यात नापास व्हायचा."

मग जरा थांबून म्हणाली, "मी काही रांधून वाढलं की त्यांचं पहिलं वाक्य काय असायचं, आठव. छान झालंय, असं कधी नाही. कुठून आणलंस." आणि हात पुसत, "मी तुला विचारत नाहीये, कळलं ना? लग्न मी करतेय. तू ये किंवा नको येऊस. सहीला शेजारची येईल."

तुमच्यावर रागावून लिहीत नाहीये. त्या म्हाताऱ्याकडचे आंबे चांगलेच निघायचे, हेही खरं आहे. पण मी रात्रभर विचार करत होते की काका खोटं बोलले असते तर मला कळलं असतं, खरं बोलले तरी कळलं असतं असं मला वाटलं, आणि ते गुहागरचे आंबे ऐकल्यावर आता दोन्हीचा काही भरवसा नाही. संशय गेला का? नाही. जेवताना काकांचा फोन अजूनही स्क्रीन खाली करून उलटा ठेवलेला असतो. काठी अजूनही मला पटत नाही. उद्या सही करताना मी त्यांचं पूर्ण नाव नीट वाचून घेणार आहे. पण सही करणार आहे. आई त्या टेबलावर पदर तोंडाला लावून हसली ना, तसं हसताना मी तिला आपल्या घरात पाहिलं नव्हतं, आणि ते कुठून आणलं असं मी तिला विचारणार नाही.

हे पत्र कुठे टाकायचं ते मला माहीत नाही, त्यामुळे ते फोनमध्येच राहील. बाटली अजून अर्धी आहे, मी आत्ता तीच पीत बसलेय. एक गोष्ट तेवढी सांगते, आईला सांगितली नाही. ग्रिन्योलिनो मी याआधी कधी चाखलीच नव्हती, फक्त वाचलं होतं. कोणी मला ती पेपरात गुंडाळून दिली असती तर मलाही ओळखता आली नसती. आणि बाबा, मी माहीत नाही म्हटलं नसतं. काहीतरी ठोकलं असतं.