रिकाम्या कपातली कॉफी

बुधवार, संध्याकाळ. अमरावती

जमलं! विद्यापीठात आज फ्रेंचची पहिली तोंडी परीक्षा झाली आणि मी बोलले. खरंच मीच का ती?

मागच्या आठवड्यात यजमान-पाहुण्याच्या संवादाच्या सरावाला फ्रेंचच्या मॅडमनी रिकामा कागदी कप पुढे करून कॉफी विचारली होती. सवयीनं मी 'नको' म्हटलं आणि आग्रहाची वाट पाहत बसले. मले काय माहीत, हे फ्रेंच लोक एकदाच विचारतात! मॅडमनी कप मागे घेतला, संवाद खलास. सगळा वर्ग हसला.

आज तोच रिकामा कप, पण यजमान मी आणि पाहुणे बाहेरून आलेले परीक्षक सर. 'नको' म्हणाले. बाकीच्यांचं बोलणं तिथंच संपलं होतं. मी कशाची सोडते! थोडीशी घ्या, अर्धा कप तरी, नाहीतर आई रागावेल... सगळं मोडक्या फ्रेंचमध्ये. क्रियापदं चुकली असतील, चुकू देत. शेवटी सर हसत 'हो' म्हणाले आणि रिकामा कप तोंडाला लावला!

लगेच परतवाड्याला आईला फोन केला. "पाव्हण्याले फ्रेंचमंदी कॉफी पाजली!"

आई म्हणाली, "अवं, संग खायले काई देल्लं नाई का?"