बाबांनी तुला नापास का केलं

प्रिय नेल्स,

काल बेथेलच्या हँगरमध्ये बाबांचे जुने वैमानिक सोबती जमले होते. अलास्काच्या या भागात नदीच्या बर्फावर पहिलं विमान बाबांनी उतरवलं, हे प्रत्येकाने आपापलं तिखटमीठ लावून सांगितलं. मग त्यांच्यातला क्लाइड बाबांबद्दल म्हणाला, "एइनार आमची सगळ्यांची टर उडवायचा. पोराबद्दल मात्र म्हणायचा, त्याचा हात माझ्याहून चांगला आहे."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी कॉफी ओतत राहिले.

वैमानिकाच्या परवान्याच्या चाचणीत बाबांनी तुला नापास केलं, "हे तुझं काम नव्हे" म्हणाले, आणि तू घर सोडलंस. नेल्स, ते मी त्यांच्याकडून करवून घेतलं होतं. त्याच हिवाळ्यात तुझा मामा विमानासकट गेला होता. मी बाबांपुढे रडले, गयावया केली.

शेवटच्या आजारपणात त्यांनी विचारलं, "आता तरी सांगू का त्याला?"

"तो मला माफ करणार नाही," मी म्हणाले.

"बरं. मग राहू दे माझ्यावरच."

तू त्यांच्या मातीलासुद्धा आला नाहीस. तरी हे पत्र मी पोस्टात टाकणार नाही, कारण दर रविवारी तू मला न चुकता फोन करतोस.

तुझी,
आई