स्क्रॅचपुरता आवाज

सोम. १० फेब्रु., रत्नागिरी
पिक्चरमध्ये मी आत्या. बारशाचा सीन, आत्याने पाळणा म्हणत बाळाचं नाव ठेवायचं. ओठ माझे, आवाज मुंबईच्या एका नव्या मुलीचा. म्हटलं, मीच गाते की. निर्मातेसाहेब हसले. "ताई, अभिनय तुमचा सोन्यासारखा. पण आवाजात बार आहे हो."
ऑर्केस्ट्रा बारमध्ये गात होते म्हणून नाटकात घेतलं, गाणारी बाई हवी होती त्यांना. नाटकात नाव झालं म्हणून सिरियल, सिरियलमुळे हा पिक्चर. आणि आता गाणंच नको. कप्पाळ माझं.

मंगळ. ११
आवाज नको, पण स्क्रॅच हवा! म्हणजे शूटिंगपुरतं मी गाऊन द्यायचं. स्पीकरवर ते लावून ओठ हलवायचे. मग तेच ऐकून ती मुलगी गाणार आणि माझं पुसून टाकणार.
दिलं गाऊन. नाही म्हणायला जीभ रेटत नाही, हाच रोग. हॉटेलवर येऊन बिचाऱ्या वेटरवर डाफरले.

बुध. १२
सुट्टी. दादाकडे जेवायला. वहिनीने ओल्या काजूंची उसळ केलेली, झकास. शेजारणी फोटो काढायला आल्या. वहिनी त्यांना सांगते, आमच्या वन्सं पहिल्यापासून नाटकातच. पहिल्यापासून म्हणे! मी सोलकढीची वाटी तोंडाला लावली.
दादाच्या सोनूच्या बारशाला मला बोलावलं नव्हतं. बारमध्ये गाणारी आत्या चारचौघांत कशी बसवायची? चुलतबहिणीला बसवलं. दादाला आज विचारणार होते, का रे असं केलंस. त्याने न विचारताच पानात आणखी भात वाढला. राहिलंच मग.

शुक्र. १४
काय दिवस गेला! बाळ खरंखुरं, इथल्याच घरातलं. स्पीकरवर स्क्रॅच लागला की दचकायचं आणि भोकाड पसरायचं. टेकवर टेक. किशोर (दिग्दर्शक) डोकं धरून बसला. शेवटी बाळाची आजी उठली.
"बंद करा तो मेला भोंगा. ही बाय गाईल की तोंडाने, तिला काय गळा नाय?"
गायले. हळू, झोका देत. बाळ टकाटका बघत राहिलं. मागे बसवलेल्या गावातल्या बायकांनी आपणहून साथ धरली, कुणी सांगितलं नव्हतं त्यांना. साउंडवाल्याने सगळं घेतलंय. किशोर जवळ येऊन म्हणाला, हेच ठेवू या. मी त्याचा हातच सोडेना. किती वर्षांनी इतकी खूश झाले, देव जाणे.

शनि. १५
निर्माते नाही म्हणाले. त्या मुलीचं नाव जाहीर झालंय, गाणं तिच्याच आवाजात जाणार. किशोर दिवसभर माझी नजर चुकवत फिरला. विचारलं तर म्हणे, माझ्या हातात नाही हो ताई. मग काल कशाला बोललास, मेल्या?
आणि बाई, तुला तरी इतकी आशा लावून घ्यायला कुणी सांगितलं होतं? चिडचिड नुसती. संध्याकाळी जेवले नाही.

सोम. १७
दुपारी त्या मुलीचा फोन, स्टुडिओतून. शुक्रवारचा माझा पाळणा तिला ऐकवलाय, अस्सं हवं म्हणून. सकाळपासून गातेय, त्यांना पसंत पडत नाहीये. रडवेली झालेली. पोरगी गोड आहे हो, तीच तर पंचाईत.
"ताई, दुसऱ्या ओळीला तुमचा आवाज जरासा हलतो, ती जागा कशी घेतलीत? मला शिकवाल?"
जागा कसली डोंबलाची. रडू आवरत होते मी.
तिला म्हटलं, थोड्या वेळाने पाठवते गाऊन. खोलीचं दार लावून फोनवर रेकॉर्ड केलं. तिच्यासाठी सावकाश, सोडवून सोडवून. छान आलंय. अजून पाठवलेलं नाही. तिचा मेसेज आलाय, स्टुडिओत थांबलेय म्हणून.