आचलचा गाठींचा दोरा

९ जानेवारी
रिळातला जाळ्याचा दोरा पुन्हा कमी. ह्यांना विचारलं तर म्हणते, "तूच कुठं ठेवला असशीन." मी ठेवलेली वस्तू मी विसरत नाही. घरात माणसं तीन. मी नाही, हे नाही. मग राहिली आचल, माही पोरगी.
दहावीचं वर्ष, अन् पोट्टीले दोरा कायले पाह्यजे? विचारलं नाही. आधी पाहते.

१६ जानेवारी
आज मागंमागं गेली. आचल तलावाच्या पारीवर बसली होती. कानात वायर, हातात जाळं, तोंड चालू. मले पाहिल्याबरोबर तोंड बंद.
"कोनाशी बोलत होती?"
"कोनाशीच नाई. सरांनं धडा भरून देल्ला मोबाईलमंधी. ऐकून राहिली."
धडा ऐकताना कान लाल होते का कोनाचे? मी बी त्या वयातून गेली आहे. मोबाईल पाहिला. सरांचाच आवाज, आम्ल अन् आम्लारी. तरी नंबरं पाहून घेतले. कोनी नाही.
अजून.

२० जानेवारी
शाळेत सही कराले बोलावलं होतं. भंडाऱ्याच्या डॉक्टरनं कागद दिला तेव्हापासून माहीत आहे, पोरीचं डोकं चांगलं आहे, पण अक्षरं तिच्या डोळ्यापुढं जागेवर राहत नाही. एक ओळ वाचता वाचता घाम फुटते. पाचवीत तिले वर्गात ढ म्हणत, तेव्हा मी त्या मास्तरणीशी भांडून आली होती.
सर म्हणाले, बोर्डात वेळ जास्त भेटते, लिहाले लेखनिकबी भेटते. आ. म्हणते, "वेळ द्या. लेखनिक नाई पाह्यजे. माहं मी लिहीन."
घरी येताना म्हटलं, "कायची घमेंड आहे व तुले?"
"घमेंड नाई. मंग लोक म्हणतीन, दुसरीनं लिहिलं."
हे बोलणं तिचं नाही वाटलं मले. कोनीतरी शिकवलं.

२ फेब्रुवारी
सराव परीक्षा. विज्ञानात चाळीसपैकी एकतीस.
एकतीस! चुलीपुढं बसली होती, उठून उभीच राहिली. भात करपला. ह्यांनी तर दारातून जाणाऱ्या-येणाऱ्याले सांगितलं.
मग मनात आलं, कुठून आले? जे पोरगी दुकानाची पाटी वाचाले दोनदा थांबते, तिले एकतीस? सरांनं दयेनं वाढवले असन. नाहीतर कॉपी.
सरांना फोन केला. म्हणे, "ताई, अक्षर पाहा, अर्धे शब्द चुकले आहे. पण उत्तर तिचंच आहे." मास्तर लोक गोड बोलते.

५ फेब्रुवारी
सापडलं. दप्तराच्या तळाशी माहाच दोरा, तोडून तोडून, अन् प्रत्येकाले गाठी. काही जाड, काही बारीक, कुठं दोन जवळजवळ, कुठं फासा.
जाळं विणताना आम्ही बाजूच्या दोऱ्याले खूणगाठ मारतो, किती ओळी झाल्या ते विसरू नये म्हणून. आ.ले मीच शिकवली, सहा वर्षांची होती. पण इथं जाळं कुठं आहे?
कॉपीच. कागद झडतीत सापडते, दोरा कोन पाहते? ढ म्हणणाऱ्याइनं या पोरीले पाहाले पाह्यजे, असं वाटलं, अन् त्याच वाटण्याची लाजबी आली.
दोरे होते तिथं ठेवले.

७ फेब्रुवारी
बाजारात शोभाबाई मासोळी विकाले बाजूलेच बसली होती. तोंडून निघून गेलं, "पोट्टी दोऱ्यात कॉपी बांधते वाटते."
"अगं माय!" म्हणे.
"कोनाले सांगजो नको."
शोभाबाईले सांगणं म्हणजे गावात दवंडी देणं. हे माहीत असून माही जीभ...

पेपर सुरू व्हायच्या आदल्या दिवशी
आ.ले म्हटलं, "ते गाठीचे दोरे नेऊ नको."
तिनं माह्याकडं असं पाहिलं. "नाई नेत."
दप्तर उघडून पाहिलं. सारे दोरे घरीच खुंटीवर.

विज्ञानाच्या पेपरचा दिवस
घरी आली ते रडत नोती, तेच जास्त लागलं. पर्यवेक्षकीण बाई सरळ तिच्याच बाकाजवळ आल्या अन् म्हणाल्या, "दोरा काढ." गाठींचा दोरा निघाला. पाकिटात घालून सील केला. पेपर पुरा लिहू दिला, पण रिपोर्ट लिहिला. आता बोर्डाचे साहेब ठरवतीन.
"खुंटीवर होते ना सारे? हा कुठून आला?"
"कोरा नेल्ला होता, आई. गाठी तिथंच मारल्या. मले आठवते तशी गाठ मारते, मंग लिहते."
"अन् बाईले कसं समजलं तुह्याकडं दोरा आहे?"
तिनं दप्तर खाली ठेवलं अन् चप्पल काढली. कोनाच्या तोंडून गेलं ते दोघीलेबी माहीत होतं, असं आता वाटते.

दुसऱ्या दिवशी
खरं सांगते का, तेव्हाबी मले पटलं नोतं.
खुंटीवरचा एक दोरा काढला. पुस्तक मांडीवर घेतलं. तिले माह्याकडं पाठ करून बसवली अन् दोरा तिच्या हातात देल्ला, मधल्याच गाठीवरून.
बोटं फिरली. "हा उष्णतेचा आहे. जाड गाठ म्हणजे नवीन मुद्दा. इथं दोन जवळ आहे, म्हणजे फरक सांगा." मग बोलत गेली. मी पुस्तकात बोट ठेवून पाहत होती. काही राहिलं नाही. शब्द तिचे होते, गोष्ट पुस्तकातली.
मी लबाड. न सांगता दुसरा दोरा हातात देल्ला. पयल्याच गाठीवर थांबली.
"आई, हा बदलवला तू. हा धातूंचा."
रातंदिवस हे पोरगी गाठी मारत होती, अन् मी तिच्या मोबाईलमंधी नंबरं शोधत होती! पुस्तक मिटलं. ह्यांना हाक मारली, या, पाहा म्हणून. माही पोरगी आहे ते. माहाच दोरा, माहीच गाठ, अन् डोकं मात्र तिचं.
"एकतीस खरे होते व," मी म्हटलं.
"मले माहीत होतं," म्हणे.

१८ मार्च
शाळेतून निरोप. उद्या साहेब येणार. आ.ले अन् पालकाले बोलावलं. पटलं तर ठीक, नाहीतर विज्ञानाचा पेपर रद्द, वर्ष गेलं.
शोभाबाई सकाळी दारात उभी. "माह्या तोंडून नाई गेलं हो." तिच्या डोळ्यात पाहिलं. तिच्या तोंडून गेलं, पण माह्या तोंडून आधी गेलं.
संध्याकाळी आ. जाळ्याले बसली होती, रोजच्यासारखी.
"घाबरली का व?"
"तू घाबरून राहिली." सुई थांबली नाही तिची. मग म्हणे, "आई, दोऱ्याचं तूच सांगितलं होतं ना बाहेर?"
"हो."
सुई खाली ठेवली तिनं. मग रिळातून हातभर कोरा दोरा तोडला अन् माह्या मांडीवर टाकला.
"मंग उद्या साहेबापुढं पयले तूच बोलजो. तू घाबरली की विसरते. गाठी मारून ठेव."
पयली गाठ मारली: पोरीनं कॉपी नाही केली.
दुसरी: हे खोटं गावात मी पसरवलं, तिच्या आईनं. हे गाठ मारून सोडली. पुन्हा मारली.
तिसरी अजून सुचली नाही. दोरा हातातच आहे.