चार बोल्टांवर टांगलेलं इंजिन

२३ नोव्हेंबर
या घरात मी माझ्या हातांनी केलेल्या वस्तू अशा: कामाचं टेबल, तुळईला टांगलेली चेनकप्पी, पाने-पकडी लावायची फळी, आणि चौकोनी लोखंडी नळ्या वेल्ड करून केलेला इंजिनाचा स्टँड. दुकानातले तीन पायांचे असतात. माझा चार पायांचा, पायथा रुंद. कुणाकडे शिकायला गेलो नाही. डोंगरातलं हे घर मला भलतंच आवडलंय. अंगणातल्या झाडाला पर्सिमनची नारिंगी फळं लगडलीत, गॅरेज कोरडं ठणठणीत आहे. शनिवारी बायको चिकाको नागोयाहून येईल. तिला स्टेशनवरून स्वतः दुरुस्त केलेल्या गाडीतून आणायचं कबूल केलंय.

२४ नोव्हेंबर
भंगारवाल्या नागुमोकडचं, अपघातातल्या गाडीचं इंजिन आज स्टँडवर चढवलं. मागच्या बाजूने चार बोल्ट आवळले, मग वजनाचा मध्य स्टँडच्या फिरत्या दांड्याच्या रेषेत येईपर्यंत इंजिन धरणाऱ्या पट्ट्या सरकवल्या. नीट बसलं की इंजिन एका बोटाने फिरतं आणि सोडाल तिथे थांबतं. थांबलं. फिरू नये म्हणून खीळ घातली.
शेजारच्या तोकिएआजी मीठ आणि साकेची, म्हणजे तांदळाच्या दारूची, बाटली ठेवून गेल्या. अपघातातल्या गाडीचं काही घरात आणलं की त्यावर हे शिंपडायचं म्हणे. मीठ मुळ्याच्या लोणच्यात गेलं. साके जेवताना मी प्यायलो. उत्तम होती.

२६ नोव्हेंबर
सकाळी इंजिन उलटं. खीळ जमिनीवर. मध्य पुन्हा मोजला, केसभरही चूक नाही.
खालचं तेलाचं भांडं उघडलं. तळाशी काळ्या चिखलात शर्टाची बाही, आणि बाहीत हाडाचे तुकडे.
आजींनी कुंपणावरून बाटलीचं विचारलं. मी खरं ते सांगितलं. त्या हळू म्हणाल्या, “अहो कुरामोचीसान, ती तुमच्यासाठी नव्हती. तहान त्याला लागली होती.” त्यांच्यासाठी काढून ठेवलेली पर्सिमनं न घेताच गेल्या.

२७ नोव्हेंबर
ना पेट्रोल, ना बॅटरी. तरी हात लावताच आतला दांडा फिरला. डाव्या हाताची दोन बोटं गेली. आत रक्त ठिबकत होतं आणि खाली एक थेंबही पडला नाही.

२८ नोव्हेंबर
आजींकडून कळलं म्हणून नागुमो धावत आला. माझा हात बघून म्हणाला, “काय मास्तर, पाने पुरेनात म्हणून बोटं घालता काय?” मग हसू थांबलं. आधीच्या मालकाचा हात या इंजिनाने खांद्यापर्यंत ओढून नेला होता, तो उभ्या उभ्या मेला. विधी न करताच मला विकलं, चुकलं म्हणाला. देवळात नेतो, परत द्या. वर पैसेही देऊ केले. मी साफ नाही म्हटलं. दोष इंजिनात असेल तर मी शोधेन, स्टँडमध्ये नाही.
तो बोल्ट सोडवायला खाली वाकला. इंजिन गरकन फिरलं. त्याचं डोकं मधे—
फळीवर दात उडालेत. नागुमोचे.
त्याला ओढायला गेलो. डावा हात कोपरापर्यंत आत.

२९, बहुतेक
सुटत नाही. पाना पोचत नाही. वही एप्रनमध्ये होती म्हणून—
ते सावकाश पितंय. स्टँड हललेला नाही. जराही नाही.

शनिवार
स्टेशनवर कुणी नाही बघून ती चालत निघाली असणार. खडीवर पावलं. चिकाकोचीच.
ओरडतोय. आवाज फुटत नाही.
खीळ पडली. ते दाराकडे वळतंय—
दाराला आतून कडी नाही. मीच बसवली नव्हती.
नागुमो तीन लाख येन देत होता. तीन लाख. मी नाही म्हटलं, कारण स्टँड माझ्या हात