कामेनदोलचे वीस पाव

प्लोव्दिव,
२६ जानेवारी २०२५

ती. स्लाव्काताईस,
वेलिनचा कृ. सा. न. वि. वि.

मेतोदीने बस थांबवून तुझी पिशवी दिली. घेवडा, मध, लोकरीचे मोजे, सगळं पोचलं. मोजे पायात घालूनच लिहायला बसलो आहे. फोनवर तू नुसतं बरं बरं म्हणतेस आणि तुला काहीच ऐकू आलेलं नसतं, म्हणून गाल्याच म्हणाली की ताईंना पत्रच लिहा, उशिरा का होईना, कळेल तरी.

सांगायचं ते असं. परवा कचेरीत मला एक कागद मिळाला. अकरा आठवड्यांची मुदत आहे. ११ एप्रिलपर्यंत माझं काम वेळेत आणि बिनचूक होऊ लागलं तर मी राहायचं, नाहीतर रामराम. कागद तेओदोराने पाठवला. ती आमच्या सहा जणांची प्रमुख. वय एकतीस, माझ्यापेक्षा अठरा वर्षांनी लहान.

जुन्या कंपनीत बावीस वर्षं मी एकच प्रोग्रॅम सांभाळला. त्याच्या सगळ्या खोड्या मला पाठ होत्या. ती कंपनी बंद पडली आणि वर्षापूर्वी इथे आलो. इथे रोज सकाळी सगळे गोल उभे राहतात. काल काय केलं, आज काय करणार, हे प्रत्येकाने सांगायचं. पंधरा मिनिटांत आटोपतं. ही मुलं भरभर बोलतात, मला निम्मं कळतं आणि मी कळल्यासारखा चेहरा करतो. मग तेच निम्मं शोधण्यात माझे तीन दिवस जातात.

कागदात एक वाक्य आहे की अडलं तर त्याच दिवशी विचारावं. शाळेतल्या पोराला लिहावं तसं. ते फार लागलं.

तरी तक्रार करत नाही. गाल्या सोबत आहे, दोन्ही वेळा गरम सूप मिळतं. कचेरीच्या वाटेवर चर्च आहे, तिथे रोज एक मेणबत्ती लावतो. मागत काही नाही. आहे त्याबद्दलच लावतो.

तुझी माया आहे तशीच असू दे.

तुझा धाकटा,
वेलिन


कामेनदोल,
४ फेब्रुवारी

चि. वेलिन यास,
अनेक उ. आ.

पत्र वाचलं. कागदाचं वाचून वाईट वाटलं, पण त्या वाक्याचा तुला एवढा राग का यावा ते काही कळेना. मग शेगडीत लाकडं सारताना कोलारोव मास्तर आठवले. एकदा सांगितलेलं कोणी पुन्हा विचारलं की भिंतीकडे तोंड करून उभं. तू सात वर्षांचा होतास. भागाकार पुन्हा विचारलास आणि अर्धा तास भिंत बघत राहिलास. मी वरच्या वर्गाच्या दारातून पाहिलं होतं. त्यानंतर तू कोणाला काही विचारल्याचं मला आठवत नाही. लग्नाचंसुद्धा गाल्यानेच विचारलं असणार.

मला तरी हसायचा काय अधिकार आहे म्हणा. स्मोल्यानच्या डॉक्टरांनी कानात घालायचं यंत्र सांगितलं आहे. मी नको म्हटलं. कानात घेवड्याचा दाणा अडकल्यासारखं दिसतं ते. आणि लोकांना दर वेळी पुन्हा बोला, पुन्हा बोला म्हणायचं म्हणजे मेल्याहून मेल्यासारखं. मी हसून हो म्हणते, भागून जातं. मागच्या आठवड्यात पाद्रीबाबा हरितोन काहीतरी बोलले, मी हो म्हटलं, आणि रविवारी चाळीस माणसांचा स्वयंपाक माझ्या गळ्यात पडला. केला. सगळे बोटं चाटून गेले. त्यांनी काय विचारलं होतं ते मात्र अजून नक्की माहीत नाही.

सकाळी नीट खात जा. गाल्याला सांग, तिच्या हातची चीज घातलेली बानित्सा खायची फार इच्छा झाली आहे.

तुझं भलं चिंतणारी,
स्लाव्काताई


प्लोव्दिव,
१६ फेब्रुवारी

ती. ताईस,
कृ. सा. न. वि. वि.

आज थोडंच लिहितो, पण बातमी चांगली आहे. या आठवड्यात माझी चार कामं पुरी झाली. मागच्या महिन्यात आठवड्याला एक होत होतं. तेओदोरा सगळ्यांसमोर म्हणाली की वेलिनदादांची गाडी आता रुळावर आली. इथे कोणी कोणाला दादा म्हणत नाही, ती म्हणते. कदाचित थट्टेने म्हणत असेल, पण ऐकायला बरं वाटलं.

चारांतलं एक काम मोठं होतं. इथली एक बेकरी दुकानांना पाव पुरवते. कोणत्या दुकानाला किती पाठवायचे हे आता आमचा प्रोग्रॅम ठरवणार. दुकानांची मागणी नुसत्या आकड्यांत येते. ते आकडे पावांचे की क्रेटचे, अशी एक शंका मनात आली होती. एका क्रेटमध्ये बारा पाव बसतात. प्लोव्दिवची दुकानं क्रेटनेच मागवतात, म्हणून क्रेट धरलं आणि पुढे गेलो. एवढ्याशा गोष्टीसाठी कोणाला कशाला थांबवायचं? शुक्रवारपासून ते चालू होईल.

देवाची कृपा. आज दोन मेणबत्त्या लावल्या.

तुझ्या आशीर्वादाने चाललेला,
वेलिन


कामेनदोल,
२२ फेब्रुवारी

चि. वेलिन यास,
अनेक उ. आ.

अरे, काल गावात काय झालं ते ऐक. पेन्कोच्या दुकानात रोज वीस पाव येतात, तुला माहीतच आहे. काल ट्रकमधून वीस क्रेट उतरले. दोनशे चाळीस पाव! गावात चुली पेटतात साठ. पेन्कोने डोक्याला हात लावला. ट्रकवाला कागद दाखवून म्हणे, मला काय विचारता, इथे वीस क्रेट लिहिलंय, परवा उपवासाआधीचा मांसाहाराचा शेवटचा रविवार आहे, वाटलं तुमच्याकडे कोणाचं लग्न आहे.

पेन्को मग माझ्या अंगणात आला आणि हात हलवून हलवून काहीतरी बोलला. मी नेहमीसारखं हसून हो म्हटलं. अर्ध्या तासात बारा क्रेट माझ्या घरात! त्याने विचारलं होतं म्हणे की तुझ्याकडे ठेवू का. टेबलावर पाव, बाकावर पाव, पलंगावर पाव. मी रात्री माळ्यावर झोपले.

ज्या गाढवाने हा हिशेब केला त्याला माझ्या हाती द्या, असं पेन्को सगळ्यांना सांगत फिरतोय. मीही चार शब्द सुनावलेच असते. पण पाव टाकायचा कसा? सकाळी पाद्रीबाबांनी घंटा वाजवली, बायका जमल्या, पाव कापून भट्टीत सुकवायला घातले. वरच्या वस्तीतली म्हातारी गेना महिनाभर घराबाहेर पडली नव्हती, तीही आली. दिवसभर गावाला भाजलेल्या पावाचा वास. तेव्हा त्या गाढवाला अर्धी शिवी आणि अर्धा आशीर्वाद.

सुकवलेल्या पावाची पिशवी मेतोदीबरोबर पाठवते आहे. सूपमध्ये बुडवून खा.

तुझी,
स्लाव्काताई


प्लोव्दिव,
२५ फेब्रुवारी

ती. ताईस,
कृ. सा. न. वि. वि.

ताई, ते गाढव मी.

तुझं पत्र यायच्या आधीच कचेरीत कळलं होतं. डोंगरातल्या अकरा गावांत असंच झालं. यादीत कामेनदोलचं नाव दिसलं आणि मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. शहरातली दुकानं क्रेट मागवतात, पण आपल्या गावात कोणी कधी क्रेट मागवलाय का? वीस म्हणजे वीस पाव. त्यातला शेवटचा दुकानात आपल्या आईसाठी राखून ठेवायचे. हे त्या कचेरीत एकट्या मलाच माहीत होतं. आणि मीच विचारलं नाही.

बेकरीचा माणूस फोनवर फार तापला होता. फोन तेओदोराने घेतला. मी चार पावलांवर उभा होतो. तिने माझं नाव घेतलं नाही. काम मी तपासून पुढे सोडलं होतं, चूक माझी आहे, असं ती म्हणाली. दुपारी वरच्या साहेबांनी तिला आत बोलावलं. बाहेर आली तेव्हा तिचे कान लाल झाले होते. मी मान खाली घालून काम करत असल्यासारखं दाखवलं.

तेव्हापासून तिच्याशी धड बोललो नाही. मुदतीचे सहा आठवडे उरले आहेत आणि आता ती मला ठेवेल असं वाटत नाही. ठेवू नये असंही एकदा मनात आलं.

तुझी पिशवी पोचली. सुकवलेला पाव सूपमध्ये घातला.

तुझा,
वेलिन


कामेनदोल,
२८ फेब्रुवारी

चि. वेलिन यास,
अनेक उ. आ.

आधी हे ऐक. पेन्कोला मी काही सांगितलेलं नाही. तुझं पत्र वाचून आधी हसले, मग रडले, मग पुन्हा हसले. पलंगावरचे पाव माझ्याच भावाने पाठवले होते!

आता मोठी बहीण म्हणून सांगते. परवा क्षमेचा रविवार. धाकट्यांनी थोरांकडे जायचं, हात चुंबून चुकलं म्हणायचं, आणि थोरांनी देवाने क्षमा केली म्हणायचं. तू दर वर्षी हलवा घेऊन माझ्याकडे येतोस. या वर्षी मुळीच येऊ नकोस. माझ्याकडून तुला आधीच क्षमा आहे. त्या मुलीकडे जा. ती वयाने लहान आहे, मी कसा जाऊ, असलं काही मला लिहू नकोस. ती शिव्या खात होती तेव्हा तिने तुझं वय विचारलं नव्हतं.

सोबत मार्च लागला की मनगटाला बांधायच्या लाल-पांढऱ्या धाग्यांच्या मार्तेनित्सा आहेत. एक तुझी, एक गाल्याची, आणि एक जास्तीची. ती कोणाला बांधायची ते तुला कळतं.

तुझी,
स्लाव्काताई


प्लोव्दिव,
५ मार्च

ती. ताईस,
कृ. सा. न. वि. वि.

रविवारी धीर झाला नाही. सोमवारी राष्ट्रीय सुट्टी होती, बरंच झालं म्हटलं. काल पांढऱ्या हलव्याचा डबा घेऊन कचेरीत गेलो. सकाळी सगळे गोल उभे राहिले. माझी पाळी आली तेव्हा काल काय केलं ते न सांगता म्हणालो की पावांची शंका मला आधी आली होती आणि मी विचारलं नाही. फोनवर तेओदोराने माझ्या वाटणीचं ऐकून घेतलं आणि मी गप्प उभा राहिलो. मग तिच्याकडे वळून, आपण घरी म्हणतो तसंच, क्षमा कर म्हणालो.

तिचे कान पुन्हा लाल झाले. मग तिने देवाने क्षमा केली म्हटलं, तिच्या आजीने म्हटलं असतं तसं, आणि लगेच उलट माझीच क्षमा मागितली. म्हणाली, दादा, मी जन्मापासून शहरात. वीस पाव मागवणारं दुकान असतं हे माझ्या डोक्यातच आलं नाही. आणि तो कागद मी तुमच्यासमोर बसून द्यायला हवा होता. समोर बसायची भीती वाटली म्हणून नुसता पाठवून दिला.

मुदत मात्र तिने बदलली नाही, आणि बदलायलाही नको होती. तिने एवढंच मागितलं की रोज सकाळी एक प्रश्न विचारा, कितीही साधा असो. आज पहिला विचारला. उत्तर मिळालं आणि कोणी भिंतीकडे उभं केलं नाही. वर शेजारचा पोरगा हळूच म्हणाला, बरं झालं तुम्ही विचारलंत, मलाही माहीत नव्हतं.

मार्तेनित्सा तिने मनगटाला बांधली आहे.

तुझा ऋणी,
वेलिन


प्लोव्दिव,
६ एप्रिल

ती. ताईस,
कृ. सा. न. वि. वि.

शुक्रवारी निकाल. ठरलेल्या कामांपेक्षा माझी दोन कमी आहेत, हे आताच सांगून ठेवतो. पण पाच आठवड्यांत माझं एकही काम मोडून परत आलं नाही. प्रश्न तेवीस झाले. सगळे एका वहीत लिहिले आहेत. शनिवारी उघडून पाहिली तर निम्मे मूर्खपणाचे वाटले आणि त्यांची लाज मात्र वाटली नाही.

काही झालं तरी मन शांत आहे. चर्चसमोरचा बदाम फुलला, रिवाजाप्रमाणे त्याच्या फांदीला मी माझी मार्तेनित्सा बांधली. नोकरी राहिली तर देवाचे आभार. गेली तरी हे पाच आठवडे माझेच राहतील. ताई, मला भिंतीपासून तू वळवलंस.

शुक्रवारी संध्याकाळीच पत्र टाकेन.

तुझा,
वेलिन


कामेनदोल,
१३ एप्रिल, फुलांचा रविवार

चि. वेलिन यास,
अनेक उ. आ.

पत्र टाकू नकोस, शुक्रवारी फोनच कर, असा निरोप मेतोदीने दिला तेव्हा तू गोंधळला असशील. आता कारण सांगते. बुधवारी मी स्मोल्यानला जाऊन यंत्र बसवून आले. तू एकतीस वर्षांच्या पोरीला सगळ्यांसमोर प्रश्न विचारू शकतोस तर मी काय तुझ्याहून भित्री? हो, दाणाच दिसतो तो. दिसू दे.

आज चर्चमध्ये कितीतरी वर्षांनी गाणं नीट ऐकलं. पाद्रीबाबा हरितोन किती बेसूर गातात रे! कोणी सांगितलं कसं नाही मला? त्या रविवारचंही त्यांना स्पष्टच विचारलं. ते म्हणाले, पुढच्या रविवारी चाळीस माणसं जेवायला आहेत, एखादा पाव आणशील का, एवढंच विचारलं होतं! घरी येताना वाटेत ओढ्याचं पाणी ऐकत उभी राहिले. ते रोजच वाहत असणार. आभार कोणाचे मानायचे ते ठाऊक होतं, तिथेच मानले.

शुक्रवारी फोन वाजला तो मी स्वतः ऐकला, शेजारणीने येऊन सांगावं लागलं नाही. तू म्हणालास की नोकरी राहिली, तेओदोराने साहेबांसमोर दोन कमी कामांच्या बदल्यात तुझी प्रश्नांची वही ठेवली, आणि आता तुमच्याकडे सगळेच रोज एक प्रश्न विचारतात. मी म्हटलं, काय म्हणालास, पुन्हा सांग. तू पुन्हा सांगितलंस. मी म्हटलं, पुन्हा सांग. तेव्हा तुला वाटलं यंत्र बिघडलं, आणि तू ओरडायला लागलास.

यंत्र चांगलं आहे, वेड्या. पहिल्यांदाच सगळं ऐकू आलं होतं.

ईस्टरच्या सणाला दोघं या. पेन्कोला वीसच पाव सांगते आहे.

तुझी,
स्लाव्काताई