न बोलणारी वकीलबाई

३ मार्च
मुलाला कामावरूनच उचललं. लिफ्ट दुरुस्त करत होता, हाताचं ग्रीसही पुसू दिलं नाही म्हणे. आम्ही पडलो परक्या देशातले, म्हणून हा दहशतवादाचा नवा कायदा – काय केलं ते सांगायचं नाही, नुसतं आत ठेवायचं. सून रडतेय. म्हटलं, रड, पण आधी गॅस बंद कर. नातीला सांगितलं, बाबा लिफ्टमध्ये अडकलाय.

९ मार्च
सरकारनेच एक वकीलबाई दिली. काडीसारखी, फुंकर मारली तर उडेल. पण माणूस सोन्यासारखं! माझ्याशेजारी बसून मुलाचं सगळं विचारून घेतलं – मित्र कोण, चिडतो किती. मग म्हणाली, "आजी, तुमच्या मुलाविरुद्धचे गुप्त कागद फक्त मला दाखवतील. एकदा ते पाहिले की तुमच्याशी चकार शब्द बोलता येणार नाही मला. निकालानंतरही नाही."
म्हटलं, मग आत्ताच काय ते बोलून घे, आणि चहा गार करू नकोस.

२ एप्रिल
कागद पाहिले असणार. भाजीच्या दुकानात दिसली, तर माझ्याकडे पाठ करून बटाटे निवडायला लागली. सून तिच्याकडे निघाली – नुसतं बरं की वाईट एवढंच विचारते म्हणे. दंड धरून मागे ओढली. ती बोलली तर तिची वकिली जाईल. आपल्या बाजूने भांडणारी एकच, तिलाही घालवायची? सून घरभर फणफणतेय. फणफणू दे.

१८ एप्रिल
सुनावणी. आम्हाला बाहेर काढलं, वर मुलालाही! नवऱ्याला मांडवाबाहेर बसवून लग्न लावावं तसं. दाराआडून वकीलबाईचा आवाज येत होता. शब्द कळेनात, पण चांगलाच चढला होता. माझ्या सख्ख्या भावाने मुलाला नेलं त्या दिवसापासून फोन उचललेला नाही, आणि ही कोण कुठली, घसा फोडतेय. तिचं भलं होवो. मी ऊठसूट आशीर्वाद देणारी नव्हे.

५ मे
सोडलं! कारण सांगितलं नाही, माफीचं तर नावच नको. वकीलबाई समोरून गेली, मी लांबूनच हात जोडले. त्याला काही बोलणं म्हणत नाहीत. ती न बघता गेली. शहाणी आहे.
मुलगा पोटभर जेवला. म्हातारीला आणखी काय हवं?

६ मे
सकाळी मुलगा जवळ येऊन बसला. हळूच म्हणाला, "आई, नीट आठवून सांग ना. मी काय केलं असेल गं?"